बंदर कोणाचे, हुकूम कोणाचा?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मागून उत्तरेकडे जाणाऱ्या पी. डिमेलो रस्त्याच्या परिसरातली नावे एकामागोमाग वाचत गेले की आपण समुद्रकाठानेच चाललो आहोत असे वाटावे. कर्नाक बंदर, क्लेअर बंदर, मशीद बंदर, वाडी बंदर. पुढे दारूखान्याच्या बाजूला कोळसा बंदर, लाकडी बंदर, शिवडीकडे हे बंदर. पाण्याचा मात्र पत्ता नसतो. मशीद बंदर हे लोकलचे स्टेशन झाले, वाडी बंदर रेल्वेचे मालयार्ड झाले, आणि समुद्र उजव्या हाताला एका लांबलचक भिंतीच्या पलीकडे, गोदामांच्या आणि रुळांच्या मागे गेला. मरीन ड्राइव्हच्या बाजूने समुद्र पाहण्याची सवय झालेल्या मुंबईकराला शहराला पूर्व किनाराही आहे, आणि मुंबई मुंबई झाली ती त्या किनाऱ्यामुळे, हे सांगावे लागते.

ही नावे उगीच पडलेली नाहीत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यातले एकेक बंदर म्हणजे खरोखरच माल उतरवण्याची जागा होती, आणि जागेगणिक मालक वेगळा, दर वेगळा, रीत वेगळी. या तुकड्यांचे एक बंदर कसे झाले, ते कोणाच्या हाती गेले आणि ते चालवायचे म्हणजे नेमके काय ठरवायचे, हा या लेखाचा विषय आहे. बंदरांच्या इतिहासावर इंग्रजीत विद्यापीठीय लेखन भरपूर आहे. फ्रँक ब्रोझ यांनी संपादित केलेल्या ‘ब्राइड्स ऑफ द सी’ या १९८९ च्या ग्रंथाने आशियातल्या बंदर-शहरांच्या अभ्यासाला दिशा दिली. मरियम दोसल यांनी १८४५ ते १८७५ या काळातल्या मुंबईच्या नगररचनेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मराठीत बंदर येते ते बहुधा कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातून किंवा कोकणच्या बोटीच्या आठवणींतून. दोन्ही विषय मोलाचेच, पण बंदराचा कारभार हा विषय मधल्या मध्ये राहून गेला.

गोद्या होण्यापूर्वी मोठी जहाजे मुंबईच्या धक्क्याला लागत नसत. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माल पडावांतून, मचव्यांतून किनाऱ्यावर येई. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीतला फरक पंधरा-सोळा फुटांपर्यंत जातो. ओहोटीला पडाव चिखलात बसत, मग भरतीची वाट पाहायची. पावसाळ्यात तर कापसाची गासडी कोरडी पोचेल याची खात्री कोणी द्यावी? बोटींची दुरुस्ती आणि बांधणी मात्र शहरात केव्हाच उत्तम होत होती. १७३६ मध्ये सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी इथल्या सुक्या गोदीत बांधलेली जहाजे इंग्रजांच्या आरमारात होती. त्यांतले १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेले आहे. जहाज बांधण्याची सोय होती, व्यापारी माल उतरवण्याची नव्हती, असा हा विचित्र प्रकार.

ती सोय आधी खासगी माणसांनी केली. सर्वांत ठाऊक असलेले नाव भाऊंचे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य हे पाठारे प्रभू गृहस्थ कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरीला होते. १८४० च्या सुमारास त्यांनी किनाऱ्यावर भराव घालून धक्का बांधला. (आज आपण रेवसची किंवा मोऱ्याची लाँच पकडतो तो भाऊचा धक्का मूळच्या जागेवर नाही. नाव तेवढे पुढे सरकत आले.) सरकारने परवानगी द्यायची, खर्च आणि धोका खासगी माणसाने उचलायचा, आणि बदल्यात त्याने धक्क्याचे भाडे घ्यायचे, असा हा सौदा. एका माणसापुरता तो ठीक होता. तोच सौदा एका कंपनीशी झाला तेव्हा प्रकरण बदलले.

ती एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी. १८५८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा धंदा कापसाच्या गासड्या दाबण्याचा आणि समुद्र बुजवून जमीन करण्याचा. १८६२ मध्ये तिचा सरकारशी करार झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या स्टेशनासाठी कंपनीने १०० एकर जमीन भरून द्यायची आणि त्याबदल्यात स्वतःसाठी २५० एकर भरून घेण्याचा हक्क मिळवायचा. त्या वर्षी हा करार सरकारला स्वस्त वाटला असणार. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता, आणि मुंबईत पैसा अक्षरशः समुद्रात ओतायला लोक तयार होते. त्या वेळच्या शेअरबाजाराच्या वेडाबद्दल आणि १८६५ च्या दिवाळ्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे एवढेच, की वादळ ओसरले तेव्हा शहराच्या पूर्व किनाऱ्यावरची माल उतरवण्याची सर्वांत मोक्याची जागा एका खासगी कंपनीच्या ताब्यात होती.

आणि नेमका त्याच सुमारास सुएझचा कालवा पुरा होत आला. नोव्हेंबर १८६९ मध्ये तो खुला झाला आणि युरोपातून निघालेल्या आगबोटीच्या वाटेवर हिंदुस्थानचे पहिले मोठे बंदर म्हणून मुंबई आली. अशा बंदराच्या तोंडाशी एका कंपनीने बसावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून हवा तो दर घ्यावा, ही कल्पना सरकारला नकोशी झाली. तिचा त्रास बोटवाल्या इंग्रज व्यापाऱ्यांनाही होणारच होता. १८६९-७० मध्ये सरकारने कंपनीच्या मालमत्तेसह तिचे हक्क विकत घेतले. पुढे २६ जून १८७३ रोजी बॉम्बे पोर्ट ट्रस्ट अस्तित्वात आला.

‘ट्रस्ट’ हा शब्द आपल्याकडे देवस्थानांमुळे आणि धर्मादाय संस्थांमुळे परिचित आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. ही कल्पना इंग्लंड-स्कॉटलंडमधून आली. लिव्हरपूलच्या गोद्या १८५८ पासून अशाच एका सार्वजनिक मंडळाच्या ताब्यात होत्या, ग्लासगोची क्लाइड नदीही. या मंडळांना भागधारक नसतात, म्हणून लाभांश वाटायचा नसतो. बंदराचे उत्पन्न बंदरावरच खर्च करायचे. सरकारने थेट चालवायचे नाही, खासगी माणसाने नफा काढायचा नाही, मधला एक मार्ग. कलकत्त्यात १८७० मध्ये पोर्ट कमिशनर नेमले गेले होतेच. मुंबईने तीन वर्षांनी तीच वाट धरली. कागदावर ही रचना मला आजही शहाणपणाची वाटते. अडचण होती ती विश्वस्त कोण, आणि ते कोणाच्या वतीने विश्वस्त, या प्रश्नाची.

पहिले अध्यक्ष कर्नल जे. ए. बॅलार्ड, लष्करी इंजिनिअर. सुरुवातीचे विश्वस्त सारे सरकारने नेमलेले. पुढे इंग्रज व्यापाऱ्यांच्या बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सला आपले प्रतिनिधी निवडून पाठवण्याचा अधिकार मिळाला. देशी व्यापाऱ्यांची इंडियन मर्चंट्स चेंबर ही संस्थाच १९०७ मध्ये निघाली, तेव्हा तिचा क्रम त्यानंतरचा. महापालिकेलाही पुढे एका जागेचा हक्क मिळाला. म्हणजे बंदराच्या टेबलाभोवती सरकार होते, बोटवाले होते, कापूसवाले होते. रात्रंदिवस माल वाहणारे हमाल नव्हते. किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या होड्या ओढणारे कोळीही नव्हते. त्या काळात ते असतील अशी अपेक्षाही कोणी केली नसती, हे खरे. पण अपेक्षा नव्हती म्हणून परिणाम झाला नाही असे होत नाही.

ट्रस्टपुढचा पहिला प्रश्न गमतीचा होता. शहराची पहिली ओली गोदी, म्हणजे दरवाजे लावून आत भरतीचे पाणी अडवून ठेवणारी आणि ओहोटीतही जहाज तरंगते ठेवणारी गोदी, ट्रस्टने बांधलीच नाही. ती ससून घराण्याच्या पेढीने कुलाब्याला बांधली आणि ती १८७५ मध्ये सुरू झाली. ज्याला सगळे बंदर एका हाती आणायचे होते त्याच्या नाकासमोर खासगी मालकाने आधुनिक गोदी उघडावी! १८७९ मध्ये ट्रस्टने ती विकत घेतली. आज ससून डॉक म्हटले की पहाटेची मासळी आठवते. तिथे कापसाच्या गासड्या चढत होत्या हे ऐकून नव्या पिढीला आश्चर्य वाटते.

ट्रस्टची स्वतःची पहिली गोदी म्हणजे प्रिन्सेस डॉक. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसली, आणि १ जानेवारी १८८० रोजी गोदी खुली झाली. तिचा आराखडा थॉमस ऑर्मिस्टन यांचा, पाण्याचे क्षेत्र सुमारे ३० एकर. खोदकाम चालू असताना चिखलाखाली झाडांची खोडे सापडू लागली, ती एकदोन नव्हे, शेकडो. त्यांतली बरीचशी मुळांवर उभीच होती आणि झाडे होती खैराची. म्हणजे ज्या जागी आता जहाजे उभी राहायची होती तिथे कधीकाळी रान होते आणि जमीन खचून ते समुद्राखाली गेले होते. गॅझेटिअरमध्ये हा मजकूर वाचताना हिशेबनिसाच्या कोरड्या भाषेतही क्षणभर वेगळा सूर लागल्यासारखा वाटतो.

मग व्हिक्टोरिया डॉक आली (१८८८), दुरुस्तीची मेरवेदर सुकी गोदी आली (१८९१), आणि मार्च १९१४ मध्ये सर्वांत मोठी अलेक्झांड्रा डॉक, आताची इंदिरा डॉक. ती उघडून पाच महिने होत नाहीत तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि मेसोपोटेमियाकडे जाणाऱ्या पलटणी तिथूनच बोटीत चढल्या. तिच्या खोदकामाची माती टाकून २२ एकर नवी जमीन झाली, तीच बॅलार्ड इस्टेट. ट्रस्टने स्वतःची रेल्वे काढली, शिवडी ते माझगावपर्यंत शेकडो एकर खाजण भरले. चाळीस वर्षांत एका कंपनीच्या २५० एकरांची भीती बाळगणाऱ्या शहरात ट्रस्ट स्वतःच सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक झाला. लेखाच्या सुरुवातीची ती भिंत या काळातली. जकात चुकू नये, चोरी होऊ नये यासाठी बंदराला कुंपण लागतेच. पण त्या कुंपणाने शहराला आपल्या बंदरात काय चालले आहे हे दिसेनासे केले.

भिंतीपलीकडे काय चालले आहे हे शहराला एकदाच, एका दुपारी कळले.

‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत पोचले आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागले. बर्कनहेडहून निघताना त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, शिवाय सोन्याच्या १२४ लगडी. वाटेत कराचीला विमाने उतरवल्यावर जागा मोकळी झाली. युद्धकाळात रिकामी जागा ठेवणे हा गुन्हाच, म्हणून तिथे सुमारे ८,७०० गासड्या कापूस भरला गेला, तेलाची पिंपे, गंधक, भंगार लोखंड हेही. दोन नंबरच्या खणात कापूस आणि स्फोटके एकाच ठिकाणी आली, कापूस खाली आणि वरही.

शांततेच्या काळात मुंबई बंदराचा नियम स्वच्छ होता. स्फोटकांचे जहाज गोदीत घ्यायचे नाही, बाहेर नांगरून माल पडावांतून उतरवायचा. युद्धात जहाजे आणि पडाव दोन्ही अपुरे पडू लागले, म्हणून हा नियम ढिला झाला. स्फोटकांचे जहाज ओळखू यावे म्हणून लावायचा लाल बावटाही ‘फोर्ट स्टिकीन’वर नव्हता. शहराच्या अंगाला लागून असलेल्या गोदीत, मांडवी आणि मशीद बंदरच्या दाट वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, ते दोन दिवस माल उतरण्याची वाट पाहत उभे होते.

१४ एप्रिलला दुपारी साडेबाराच्या सुमारास आसपासच्या लोकांना जहाजातून धूर निघताना दिसला, पण जहाजावर बोंब उठली ती दोनच्या आसपास. आगीचे बंब आले, पाण्याचे फवारे सुरू झाले. पहिला स्फोट झाला ४ वाजून ६ मिनिटांनी. म्हणजे आग ठाऊक झाल्यापासून दोन तास हातात होते. मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत अस्वस्थ करतात ते हे दोन तास.

त्या दोन तासांत धक्क्यावर माणसांची कमतरता नव्हती. जहाजाचा कप्तान होता, अग्निशमन दलाचे अधिकारी होते, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचा स्फोटक-तज्ज्ञ अधिकारी होता. खणात काय भरले आहे याची यादी पाहून त्या अधिकाऱ्याने धोका ओळखला आणि जहाज ताबडतोब बुडवावे असे सुचवले. जहाज ओढून गोदीबाहेर न्यावे असेही मत निघाले. जहाजाची इंजिने दुरुस्तीसाठी उघडलेली होती, स्वतःच्या बळावर ते हलणार नव्हते. पाणी मारून आग विझेल, ही तिसरी आशा. आता यांतला कोणता निर्णय बरोबर होता यावर आज घरी बसून वाद घालणे सोपे आहे. मुद्दा तो नाही. प्रत्येकाला मत होते, आणि बाकीच्या सर्वांवर बंधनकारक होईल असा हुकूम देण्याचा निर्विवाद अधिकार मात्र कोणाकडेच नव्हता. जहाज कप्तानाचे, गोदी ट्रस्टची, माल लष्कराचा, आग बंबवाल्यांची, जहाजांची ने-आण युद्धवाहतूक खात्याची. दरम्यान खणात शेकडो टन पाणी ओतले गेले. कापूस त्यावर तरंगत वर आला, आणि त्याच्याबरोबर आगही स्फोटकांच्या जवळ गेली.

पहिल्या स्फोटात आग विझवणारी माणसे गेली. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले, आणि म्हणून १४ एप्रिल हा आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कप्तानही गेला. सिंदिया कंपनीचे ‘जलपद्मा’ नावाचे जहाज उचलून धक्क्यावर फेकले गेले. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, आणखी मोठा स्फोट झाला. पेटलेल्या कापसाचे बोळे मांडवीच्या घरांवर पडले आणि शहर दोनतीन दिवस जळत राहिले. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादऱ्याची नोंद झाली असे सांगतात. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत जातात. आदल्याच वर्षी बंगालमध्ये माणसे भुकेने मेली होती, आणि इथे गोदामांतले हजारो टन धान्य खाक झाले. सोन्याची एक लगड मैलभर अंतरावरच्या एका घराचे छप्पर फोडून आत पडली, ही गोष्ट जुने मुंबईकर रंगवून सांगत. सांगण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती म्हणून असेल.

वृत्तपत्रांवर निर्बंध होते, त्यामुळे जगाला सविस्तर बातमी कळायला महिना लागला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. घातपात नव्हता, निष्काळजीपणाने टाकलेल्या विडी-सिगारेटमुळे कापूस पेटला असावा, हा त्यांचा निष्कर्ष. कापूस आणि स्फोटके एकत्र भरणे, युद्धामुळे असे जहाज गोदीत घ्यावे लागणे, आणि आग लागल्यावर जबाबदार मंडळींनी वेळीच पावले न उचलणे, ही आयोगाने दाखवलेली कारणे. माझे मत असे, की पहिली दोन कारणे युद्धाच्या खाती टाकता येतात, तिसरे कारण १८७३ पासूनचे आहे. मालकी एका हाती आणण्यात ट्रस्टला पूर्ण यश आले होते. संकटात कोणाचा शब्द शेवटचा, हे ठरवण्याची गरज सत्तर वर्षांत कोणाला भासली नाही, कारण टेबलाभोवती बसलेल्यांचा प्रश्न दर, जागा आणि वेळ एवढाच होता. मांडवीत राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा होता, पण तो त्या टेबलाशी नव्हता.

गोद्या काही महिन्यांत पुन्हा चालू झाल्या, त्याही हजारो माणसांच्या हातांनी. त्या हातांना आवाज मिळायला मात्र स्वातंत्र्य यावे लागले. बोटीवरची भरणी-उतरणी करणारा कामगार टोळीवाल्याच्या मर्जीवर रोजचे काम मिळवी. आज काम, उद्या नाही. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगार-नियमनाचा कायदा झाला, १९५१ मध्ये मुंबईत डॉक लेबर बोर्ड आले, आणि हजेरीची, वेतनाची काही हमी तयार झाली. यासाठी लढलेल्या प्लासिड डिमेलो यांचे नाव गोदीच्या भिंतीलगतच्या रस्त्याला मिळाले. तो पूर्वीचा फ्रिअर रोड, एका गव्हर्नराच्या नावाचा. पुढे १९६३ च्या महाबंदर विश्वस्त कायद्याने विश्वस्तांमध्ये कामगारांच्या जागा ठरवून दिल्या.

तोवर बंदराची तऱ्हा बदलू लागली होती. खोक्यात बंद माल, म्हणजे कंटेनर आला, त्याला हमालांपेक्षा मोकळी जमीन आणि खोल पाणी जास्त लागते. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा सुरू झाले, आणि १९९७ मध्ये तिथल्या एका टर्मिनलचा ठेका परदेशी कंपनीला दिला गेला. बंदर प्राधिकरणाने जमीनमालक राहायचे आणि प्रत्यक्ष माल हाताळणे खासगी कंपनीवर सोपवायचे, या पद्धतीची आपल्याकडची ती सुरुवात. एल्फिन्स्टन कंपनीचे हक्क विकत घेण्यासाठी सरकारने पैसे मोजल्याला तेव्हा सव्वाशे वर्षे झाली होती.

मुंबईच्या जुन्या गोद्या ओस पडू लागल्या. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही नव्या कंटेनर टर्मिनलसाठी भराव टाकून बुजवल्या गेल्या, आणि तो प्रकल्प मात्र रखडला. खैराचे रान जिथे सापडले ती जागा आणि ‘फोर्ट स्टिकीन’ जिथे फुटले ती जागा, दोन्हींवर आता जमीन आहे. गाळ उपसताना सोन्याच्या लगडी १९७० च्या दशकापर्यंत सापडत होत्या.

मुंबई बंदराकडे शहराच्या पूर्व किनाऱ्यावरची सुमारे १,८०० एकर जमीन आहे, आणि तिचे काय करायचे यावर समित्या, आराखडे आणि भांडणे गेली दहा-बारा वर्षे चालू आहेत. बागा, क्रूझ टर्मिनल, टॉवर, कामगारांची घरे, दारूखान्यातली जहाजे मोडण्याची यार्डे, शिवडीचे रोहित पक्षी, यांतल्या प्रत्येकाला त्याच जमिनीचा तुकडा हवा आहे. २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने ‘ट्रस्ट’ हा शब्द गेला आणि मुंबई बंदर ‘प्राधिकरण’ झाले. नव्या मंडळात अध्यक्ष, उपाध्यक्ष, राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण खाते आणि सीमाशुल्क यांचा एकेक प्रतिनिधी, केंद्राने नेमलेला एक अधिकारी, दोन ते चार स्वतंत्र सदस्य आणि कर्मचाऱ्यांचे दोन प्रतिनिधी आहेत. दर ठरवण्याचे आणि जमिनीचा वापर ठरवण्याचे अधिकार या मंडळाकडे आले. मुंबई महापालिकेसाठी, म्हणजे भिंतीच्या अलीकडच्या शहरासाठी, त्यात राखीव जागा नाही.